छपराआधी पोटमाळा बघा

ओटावात स्वतःच्या घरातला तुमचा पहिला हिवाळा पार पडला असेल, तर एप्रिलच्या उत्तरार्धातला एक कोरडा रविवार छपरासाठी राखून ठेवा. ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फाचा काळपट ढीग गेला, की बघायला सुरुवात करायची. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ बराच रेंगाळतो, म्हणून समोरची बाजू कोरडी दिसली तरी मागची बघितल्याशिवाय घाई करू नका.

कॉन्डो टाउनहाउस घेतलं असेल तर छप्पर बहुधा कॉन्डो कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सगळ्या घरमालकांच्या सोसायटीकडे असतं. आपले कागद वाचा आणि काही दिसलं तर फोटोसकट लेखी कळवा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला तसंच लेखी कळवा. बाकीच्यांचं छप्पर मात्र त्यांचं स्वतःचं, आणि त्याची चौकशी करायला दुसरं कुणी येणार नाही.

मी गुहागरकडची. आमच्याकडे मे महिन्यात घर शाकारायचे. गडी वर चढून फुटकी कौलं बदलायचे, पन्हळीतला पाला काढायचे. आजोबा मात्र वर जायचे नाहीत. ते माजघरात दारं-खिडक्या लावून अंधार करायचे आणि वर बघत उभे राहायचे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे काठीने खालून टकटक करायचे, आणि वरचा माणूस नेमकं तेच कौल उचलायचा. छप्पर आतून बघायचं असतं, हे मी तिथे शिकले. इथे ते दुपटीने खरं आहे.

याचं कारण असं, की कोकणात पाणी वरून येतं आणि इथे हिवाळ्यात ते खालून वर चढतं. घरातली ऊब छतातून झिरपून अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे आपल्या पोटमाळ्यात जाते. तिथून छप्पर तापतं आणि वरच्या बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असल्यामुळे तिच्याखाली ऊब नसते, म्हणून पाणी तिथे गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडून साचतं आणि शिंगलच्या, म्हणजे इथल्या डांबरी कौलांच्या, खालून वर सरकतं. शिंगल माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले असतात. वरून वाहणारं पाणी ते उत्तम परतवतात, पण खालून चढणारं पाणी त्यांना अडवता येत नाही. म्हणूनच ऑन्टॅरिओच्या बांधकाम नियमांत कडेला शिंगलखाली संरक्षक थर घालायला सांगितलंय: उतारावर किमान ९०० मिलिमीटर, आणि बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूच्या पुढे किमान ३०० मिलिमीटर. जुन्या घरांत तो असेलच असं नाही.

फेब्रुवारीत तुमच्या घराच्या कुठल्या बाजूला बर्फाचे जाड, लांब सुळे लटकत होते, आठवतंय? फोनमध्ये फोटो असतील तर काढून बघा. तिथेच आतून ऊब गळते आहे, आणि पोटमाळ्यात पहिल्यांदा तिथेच बघायचं.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यानंतर, मार्चमध्ये, मुलाच्या खोलीत खिडकीच्या वर चहाच्या रंगाचा बशीएवढा डाग उमटला. त्याच आठवड्यात दारावर आलेल्या एका छपरवाल्याने रस्त्यावरूनच बघून सांगितलं, की पूर्ण छप्पर बदलावं लागेल. मी घाबरले होते. मुलाच्या डोक्यावर पाणी गळतंय या विचाराने रात्रभर झोप नव्हती. सही करायच्या आधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कपाटाच्या छतातली झडप उघडून वर गेले. टॉर्चच्या उजेडात आधी दिसले ते खिळे. छपराच्या प्लायवूडमधून खाली आलेलं प्रत्येक टोक गंजून तांबूस झालं होतं. त्या खिळ्यांच्या रांगेखाली, राखाडी कापसासारख्या इन्सुलेशनवर, थेंबांनी पाडलेले छोटे छोटे खड्डे होते, तशीच रांगेत. आणि बाथरूमच्या पंख्याची चंदेरी नळी छपराच्या तोंडापासून सुटून आडवी पडली होती. चार महिने आमच्या आंघोळीची वाफ पोटमाळ्यात जात होती, प्लायवूडला दहिवरासारखी गोठत होती, आणि मार्चच्या उन्हात वितळून छतावर पडत होती. शिंगल धड होते. नळी परत बसवून पट्टा आवळला, वर टेप लावली, ओलं इन्सुलेशन बदललं. तेच छप्पर पुढे नऊ वर्षं टिकलं.

म्हणून सांगते, आधी पोटमाळा. सकाळी गारव्यात जा, दुपारी तिथे फार उकडतं. एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवा, मधल्या भागाखाली नुसतं ड्रायवॉल असतं आणि ते माणसाचं वजन पेलत नाही. घर १९९०च्या आधीचं असेल आणि इन्सुलेशन म्हणून चकचकीत, अभ्रकासारखे बारीक खडे पसरलेले दिसले, तर झडप लावून खाली या. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याला हात न लावता आधी तपासणी करून घ्या.

वर गेल्यावर क्षणभर टॉर्च बंद करा. आढ्याजवळ आणि वळचणीपाशी वारा खेळावा म्हणून ठेवलेल्या फटींतून उजेड येणारच, आणि तो यायलाच हवा. वळचणीपाशी तो दिसत नसेल तर इन्सुलेशनने फटी बुजल्या आहेत. पण मधेच कुठे ठिपका दिसला तर ती जागा लक्षात ठेवा. मग टॉर्च लावून चिमणीभोवती आणि नळांच्या पाइपाभोवती डाग बघा, प्लायवूड कुठे काळं पडलंय किंवा बोटाने दाबल्यावर मऊ लागतंय का बघा. इन्सुलेशनची उंचीही मोजा. ऊब अडवायची ताकद आर या मापात मोजतात. आज नव्या घरांत आर-६० धरतात, म्हणजे फुंकून भरलेलं सेल्युलोज असेल तर साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर. तुमच्याकडे वीतभरच असेल तर तुमचा पैसा आधी तिथे घाला. नवे शिंगल घालून ऊब गळायची थांबत नाही.

बाहेरून बघायला रस्त्यापलीकडे उभे राहा, दुर्बीण किंवा फोनचा झूम पुरतो. उचललेले कोपरे, गायब शिंगल, चिमणीच्या बुडाचा सुटलेला पत्रा, पाइपाभोवतीची तडकलेली रबरी कॉलर, एवढं बघा. पन्हळीला इथे ईव्हस्ट्रॉफ म्हणतात. ती बर्फाच्या वजनाने वाकते आणि भिंतीपासून सुटते. तिच्या खाली उतरणाऱ्या नळीच्या तोंडाशी काळी वाळू साचलेली दिसेल. ते शिंगलवरचे खडे. नव्या छपराचे थोडे पडतातच, जुन्याचे मूठमूठ पडत असतील तर छप्पर म्हातारं झालंय. ती नळी भिंतीपासून दोनेक मीटर दूर पाणी सोडते ना, तेही बघा, नाहीतर वितळलेलं सगळं पाणी तळघरात येईल. सॉफिटला, म्हणजे वळचणीच्या खालच्या आवरणाला, भोक दिसलं तर लगेच बुजवू नका. वसंतात रकूनची पिल्लं आत असतात.

छपरावर चढू नका. कौलांवर लहानपणापासून चाललेला असाल तरी नको. खडे सुटलेल्या शिंगलवरून पाय सरकतो आणि इथली बरीच घरं दुमजली आहेत. पन्हळीपर्यंत शिडी लावायची असेल तर चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर घ्या, आणि खाली कुणीतरी धरून उभं पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये छपरवाले दारोदार फिरतात, वादळानंतर तर जास्तच. २१ मे २०२२ला ओटावावरून डेरेचो नावाचं सोसाट्याचं वादळ गेलं तेव्हा कितीतरी घरांचे शिंगल उडाले होते, आणि घाबरलेला माणूस पटकन सही करतो. तीन लेखी अंदाज घ्या, प्रत्येक दोषाचा फोटो मागा. डब्ल्यूएसआयबीचं, म्हणजे ऑन्टॅरिओच्या कामगार अपघात-विमा मंडळाचं, क्लिअरन्स सर्टिफिकेट, लायबिलिटी विमा आणि उंचीवर काम करायचं प्रशिक्षण, तिन्ही विचारा. जो फोटो द्यायला कां-कूं करतो, त्याला मी काम देत नाही. दारावर करार झालाच असेल तर ऑन्टॅरिओत तो दहा दिवसांत रद्द करता येतो. घर नवं असेल तर टॅरिऑनच्या, म्हणजे ऑन्टॅरिओत नव्या घरांची वॉरंटी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वॉरंटीत बाहेरून पाणी शिरण्याला दोन वर्षांचं संरक्षण आहे. ती मुदत संपायच्या आधीच्या वसंतात हा रविवार अजिबात चुकवू नका.

पोटमाळ्यात डाग सापडला आणि तो जुना की चालू कळेना, तर त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. पुढच्या एप्रिलला डाग रेघेच्या आत असेल तर ती जुनी गोष्ट. रेघ ओलांडून गेला असेल तर त्याच आठवड्यात माणूस बोलवा.