समोर सात जण असताना काय करतो ते बघा : सांगली-साताऱ्यातला नजरेआडचा कबड्डीपटू लिलावाआधी कसा पारखायचा

दिवाळी सरली की वाळवा, पलूस, तासगाव, कराड, कोरेगाव या पट्ट्यात कबड्डीची मैदानं सुरू होतात आणि यात्रांचा मोसम संपेपर्यंत चालतात. प्रत्येक मैदानावर एक ‘उत्कृष्ट चढाईपटू’ निघतो, त्याचा फोटो गावभर फिरतो आणि प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की हीच नावं पुढे पाठवली जातात. बक्षीस मिळवणारा गडी संघांच्या लोकांनी बहुधा आधीच बघितलेला असतो. शोधायचा तो दुसरा: हरणाऱ्या संघातला, वजनी गटात अडकलेला, किंवा कव्हरला (बचावाच्या साखळीत मधल्या बाजूच्या जागी) खेळून ज्याच्या नावावर गुण लागत नाहीत असा.

असे गडी पुढे गेल्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके २०१४च्या पहिल्या हंगामात दबंग दिल्लीकडून चढाया करत होता. चंदगडच्या हुंदळेवाडीकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ला यू मुंबाला ३६.४ लाखांत मिळाला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना घेतला. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार पुणेरी पलटणमध्ये आला तो नव्या युवा खेळाडूंच्या वाटेने, आणि २०२४ला विजेतेपद घेताना संघाचा कर्णधार होता.

ही दुसरी वाट नीट समजून घ्या. मुख्य लिलावात अ, ब, क, ड असे गट असतात. दहाव्या हंगामापासून त्यांच्या पायाभूत किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख अशा राहिल्या. गावाकडच्या विशीतल्या पोरासाठी मात्र लिलावापेक्षा युवा खेळाडूंची निवड चाचणी जास्त जवळची असते. संघात १८ ते २५ जण ठेवता येतात आणि शेवटच्या चार-पाच जागा अशाच पोरांनी भरतात. म्हणून पारख करताना ‘हा उद्या सामना जिंकून देईल का’ हा प्रश्न नसतो. दोन वर्षं मॅटवर तालीम मिळाली तर हा पहिल्या सातात बसेल का, एवढंच बघायचं असतं.

आधी मैदान मोजा, मग खेळाडू

खिशात १५ मीटरची टेप ठेवा. पुरुषांचं पूर्ण मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने निदान ओलांडायलाच हवी ती) ३.७५ मीटरवर, तिच्यामागे १ मीटरवर बोनस रेषा, म्हणजे मध्यरेषेपासून ४.७५. गावच्या मैदानावर चुन्याने रेषा मारताना अर्धा हात इकडेतिकडे सहज होतो. बोनस रेषा फूटभर पुढे आली असेल, तर त्या रात्रीचे बोनस वहीत वेगळ्या रंगाने लिहा. अंगण (एका संघाचा अर्धा भाग) आखूड असेल तर कोपऱ्याला, म्हणजे टोकाच्या बचावपटूला, हात लागणं सोपं जातं आणि परत यायचं अंतरही कमी होतं.

दुसरी गोष्ट पंचांची. बोनस मिळायला एक पाय रेषेपलीकडे टेकलेला असताना मागचा पाय हवेत हवा. यात्रेतल्या सामन्यात मागचा पाय घासत आला तरी हात वर होतो. लीगमध्ये तोच बोनस रिव्ह्यूमध्ये जातो. तिसरं घड्याळ. चढाई ३० सेकंदांची, पण जिथे पाटीवर सेकंद दिसत नाहीत तिथे चढाईपटू ३५-३६ सेकंद सर्रास फिरतो. त्या पाच सेकंदांत मारलेला हात मोजणीत धरू नका.

चित्रीकरण

कापून जोडलेल्या क्लिपांवरून कुणालाही निवडू नका. त्यात फक्त गुण दिसतात, गुण न मिळालेल्या चढाया कुणी पाठवत नाही. तीन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे तीन अख्खे सामने लागतात. फोन तिवईवर, अंतिम रेषेच्या मागे चार-पाच मीटरवर, जमिनीपासून निदान अडीच मीटर उंच. ट्रॅक्टरची ट्रॉली यासाठी बेस, फक्त तिच्यावर दुसऱ्या कुणाला नाचू देऊ नका. बाजूने घेतलेल्या चित्रात कोपरा आणि कव्हर यांच्यातलं अंतर कळत नाही, आणि पारखीचा निम्मा भाग त्या अंतरातच असतो.

रात्रीच्या दिव्यांखाली ६० फ्रेमला चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोनमध्ये २५ किंवा ५० फ्रेमची सोय असेल तर ती घ्या. नसेल तर शटर १/१०० वर बांधून टाका. झूम करून गड्याच्या मागे फिरू नका, सातही बचावपटू कायम चौकटीत हवेत.

चढाईपटूची वही

प्रत्येक चढाईला एक ओळ. रकाने असे: गुणफलक, समोर किती बचावपटू, कितवी चढाई (पहिली, दुसरी की दोन रिकाम्यांनंतरची तिसरी निर्णायक, जिच्यात गुण नाही तर गडी बाद), कोणत्या बाजूने शिरला, काय मिळालं (स्पर्श, बोनस, रिकामी, बाद), कुणाला स्पर्श, कशाने. यातला ‘समोर किती बचावपटू’ हा रकाना सोडून बाकी सगळं चुकलं तरी एक वेळ चालेल.

कारण साधं आहे. समोर तिघेच उरले की साखळी तुटते, मोकळी जागा वाढते आणि हात लागतो. चांगल्या संघातल्या चढाईपटूला असे तिघे-चौघेच वारंवार मिळतात, कारण बाकीचे त्याच्या सहकाऱ्यांनी आधीच बाहेर काढलेले असतात. वाईट संघातला पोरगा मात्र सामनाभर सहा-सात जणांत शिरतो. दोघांचे एकूण गुण शेजारी ठेवले तर दुसरा हमखास मागे दिसतो.

समजण्यासाठी एक कल्पित हिशेब. पहिल्या गड्याच्या ८० चढाया, ५२ गुण. दुसऱ्याच्या ८० चढाया, ३७ गुण. मंडळाच्या बैठकीत चर्चा इथेच संपते. आता फोड करा. पहिल्याने सहा-सात जणांसमोर ३४ चढायांत १२ गुण घेतले, त्यांत ९ बोनस, म्हणजे स्पर्शाचे फक्त ३, आणि ९ वेळा बाद. बाकीचे ४० गुण पाच किंवा कमी बचावपटूंसमोरचे. दुसऱ्याने सहा-सात जणांसमोर ४४ चढायांत २० गुण घेतले, त्यांत ७ बोनस, १३ स्पर्शाचे, आणि बाद फक्त ६ वेळा. चाचणीला पाठवायचा तो दुसरा. मॅटवर, सात तयार बचावपटूंसमोर, पहिल्याचं हत्यार बोनस एवढंच आहे, आणि पाचच जण उरले की तेही हातात राहत नाही, कारण बोनसला समोर किमान सहा बचावपटू लागतात.

साठपेक्षा कमी चढायांवर मत देऊ नका. एका रात्रीत चार हात लागणं हा नशिबाचाही भाग असतो.

आकड्यांनंतर डोळा. रिकाम्या चढाया पुन्हा बघा, गुण मिळालेल्या नाही. रिकाम्या चढाईत गडी निदान रेषा ओलांडून परत येतो एवढंच, की कोपऱ्याला हलवून, कव्हरला आत ओढून पुढच्या चढाईची जागा करतो? वीस सेकंद होईपर्यंत ज्याने एकही बचावपटू जागेवरून हलवला नाही, त्याची चढाई देखणी असली तरी पोकळ असते. दुसरं, पकड लागल्यावर काय करतो ते बघा. घोटा धरला गेला की अंग मध्यरेषेकडे झोकून हात लांबवतो की बसून राहतो? हे शिकवता येतं, पण विशीनंतर वेळ लागतो. तिसरं, हत्यारं किती. रनिंग हँड टच (पळता पळता हाताने स्पर्श) एकच येत असेल तर दुसऱ्या सामन्यात कोपरा दीड पाऊल मागे सरकतो आणि खेळ आटोपतो. एक हाताचं, एक पायाचं आणि एक सुटकेचं, मग ती डुबकी (साखळीखालून निसटणं) असो की हनुमान उडी (बचावपटूवरून झेप), एवढं असेल तर पुरे.

बचावपटू : इथे जास्त माल दडलेला असतो

यशस्वी पकडी मोजणं सोपं म्हणून सगळे तेवढंच मोजतात. तुम्ही प्रयत्न मोजा. कोपऱ्याने दहा वेळा हात टाकून पाच धरले तर उत्तम; वीस वेळा टाकून सहा धरले तर त्याने चौदा गुण दिले, टाळ्या सहांनाच मिळाल्या. फसलेल्या पकडींची कारणं तीन खुणांनी लिहा: ‘घाई’ (चढाईपटू अजून तोल सावरून उभा असतानाच उडी), ‘एकटा’ (साथीदार पोचण्याआधीच), ‘निसटली’ (वेळ बरोबर, हात कमी पडला). ‘निसटली’ जास्त असतील तर गडी घेण्यासारखा, पकडीची ताकद वाढवता येते. ‘घाई’ जास्त असेल तर गावच्या गर्दीने त्याला ती सवय लावलेली असते आणि ती लवकर जात नाही.

कव्हरचा खेळाडू सगळ्यांत दुर्लक्षित. कोपऱ्याने घोटा धरला की किती वेळात कव्हर अंगावर येतो, हे चित्र थांबवून फ्रेममध्ये मोजा. २५ फ्रेमच्या चित्रात बारा-तेरा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. त्याच्या आत जो पोचतो आणि डॅश (धडक देऊन बाहेर ढकलणं) किंवा ब्लॉक (वाट अडवणं) मारताना स्वतः राखीव पट्ट्यात (मैदानाच्या कडेच्या लॉबीत) भरकटत नाही, त्याच्या नावावर गुण नसले तरी संघाच्या पकडी त्याच्यामुळे होत असतात.

तालमीतून आलेल्या पोरांकडे या भागात वेगळ्या नजरेने बघावं लागतं. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर कराडला लागूनच, कुस्तीची पकड इथे घरातच मिळते. अशा पोराची मांडपकड आणि कंबरपकड जबरदस्त असते, पण तो पाय रोवून उभा राहतो. कबड्डीत कोपऱ्याचे पाय सतत हलते लागतात. महिनाभरात पाय हलायला लागले तर ठेवा, नाही लागले तर कुस्तीचं नुकसान करू नका.

माती ते मॅट

मातीवर अनवाणी खेळणारा पोरगा अंगठा रुतवून वळतो आणि घसरत मध्यरेषा गाठतो. मॅटवर बूट धरून ठेवतात, घसरायला मिळत नाही, आणि सवयीने तसंच वळायला गेलं की गुडघा मुरगळतो. म्हणून मातीवरचा कितीही चांगला असला तरी तीन-चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस मॅटवर खेळवल्याशिवाय चाचणीला नेऊ नका. पहिल्या आठवड्यात पूर्ण वेगाच्या चढाया नकोत, फक्त पायांचं काम आणि वळणं. बूट नवे असतील तर आधी सरावात वापरलेले असावेत. चाचणीच्या सकाळी फोड आलेला गडी वाया जातो.

अंगाच्या चाचण्या थोडक्यात. वजन सकाळी, अनाशेपोटी, इलेक्ट्रॉनिक काट्यावर, लागोपाठ तीन दिवस. वरिष्ठ पुरुषांची मर्यादा ८५ किलो. वजनी गटात खेळण्यासाठी उपाशी राहून वजन उतरवणारी पोरं इथे बरीच. अशा पोराला दोन महिने पोटभर जेवू द्या आणि पुन्हा बघा, कधी कधी चार किलो वाढून वेगही वाढलेला असतो. उंचीबरोबर दोन्ही हातांची पसरण मोजा. चढाईपटूची पसरण उंचीपेक्षा जास्त असेल तर वहीत अधोरेखित करा.

दमासाठी १६०० मीटर पळवू नका. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं ते झोपेतही पळतात, आणि तरी पाचव्या चढाईला पाय जड होतात. त्याऐवजी ३० सेकंद निदान रेषेवर एका राखीव पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत चढाईच्या पवित्र्यात फेऱ्या, ४५ सेकंद विश्रांती, असं आठ वेळा. पहिल्या आणि आठव्या वेळच्या फेऱ्या मोजा. पाचवा हिस्सा घट चालते, तिसरा हिस्सा घटली तर आधी दम कमवायला लावा.

गुडघा, खांदा आणि घोटा यांची जुनी दुखापत पोराला एकट्याला विचारा, वडिलांसमोर किंवा मंडळाच्या अध्यक्षांसमोर तो ‘काही नाही’च म्हणेल. एका पायावर हळू बसायला लावा. गुडघा आत कोसळत असेल तर फिजिओला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पावडरचाही प्रश्न विचारावाच लागतो. जिममध्ये सुट्या डब्यातून मिळणाऱ्या पावडरीत आणि ‘ताकदीच्या’ इंजेक्शनात स्टेरॉइड निघू शकतं. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत सापडला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण पुरत नाही. काय घेतो त्याचे डबे समोर ठेवायला सांगा.

कागद आणि पत्र

जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार, तिन्हींवरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते चाचणीच्या दोन महिने आधी बघा. दुरुस्तीला तेवढा वेळ जातो. तारखा जुळत नसतील आणि घरचे ‘शाळेत घालताना अंदाजे लावली’ म्हणत असतील, तर वयोगटाच्या चाचणीला त्या पोराला पाठवू नका. पुढे उघड झालं तर बंदी त्याच्यावर येते. वयाची अट हंगामानुसार बदलू शकते, ती त्याच वर्षीच्या परिपत्रकात वाचा.

संघाच्या प्रशिक्षकांना पाठवायचं पत्र एका पानाचं. वर जागा (डावा कोपरा, उजवा कव्हर, चढाईपटू), वय, उंची, पसरण, वजन. खाली सहा-सात जणांसमोरचे आकडे, सामना मातीवरचा की मॅटवरचा, प्रतिस्पर्धी कोण. मग एक दोष, स्वच्छ शब्दांत: ‘डाव्या बाजूने शिरत नाही’, ‘निर्णायक चढाईत घाई करतो’. दोष न लिहिलेलं पत्र प्रशिक्षक बाजूला ठेवतात, कारण तशी पन्नास पत्रं त्यांच्या टेबलावर असतात. सोबत अख्ख्या सामन्यांचे दुवे, आणि प्रत्येक सामन्यात गड्याचा बनियन क्रमांक काय होता ते. यात्रेच्या मैदानावर एकाच संघात दोन ७ नंबर सहज सापडतात, तेव्हा पँटचा रंगही लिहा.