बारा मिनिटांचा सॅल्मन

बुधवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सात वाजतात आणि मुलांना भूक आधीच लागलेली असते. अशा दिवशी आमच्याकडे सॅल्मन होतो. ओव्हन तापायला पंधरा मिनिटं, मासा भाजायला बारा, आणि तेवढ्यात एकीकडे कुकरमध्ये भात. सिएटलला राहायला आले तेव्हा सुरुवातीला मी सॅल्मनला सुरमईसारखंच वागवायचे. हळद, तिखट, आलं-लसूण, चिंचेचा कोळ लावून तासभर मुरवायचा आणि चांगला खरपूस होईपर्यंत भाजायचा. मासा दर वेळी कोरडा व्हायचा. सुरमईच्या तुकडीला तव्यावर आपण वरून तेल सोडतो. सॅल्मनचं तेल त्याच्या अंगातच असतं, आणि ते अंगातच राहिलं पाहिजे. खाली जे जे सांगितलं आहे ते त्यासाठीच.

मासा कोणता घ्यावा

इथल्या दुकानात पाकिटावर ‘अटलांटिक’ लिहिलेलं असलं तर तो बहुतेक नक्कीच मत्स्यशेतीतला, म्हणजे नॉर्वे, चिली, कॅनडा किंवा स्कॉटलंडहून आलेला. रंग केशरी आणि त्यात चरबीच्या ठळक पांढऱ्या रेघा. वेळ दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी हा मासा सांभाळून घेतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हाच आणावा.

‘अलास्का’ लिहिलं असेल तर तो मोकळ्या पाण्यात पकडलेला असतो, कारण अलास्का राज्याने 1990 मध्ये कायदा करून मत्स्यशेती बंद केली. त्यातला सॉकाय गडद लाल, पातळ आणि कमी चरबीचा. किंग सगळ्यांत जाड, चरबीदार आणि महाग. कोहो या दोघांच्या मधला.

या चरबीमागचं कारण मला इथे राहायला आल्यावर कळलं. सिएटलच्या बॅलर्ड भागातल्या कालव्याच्या दरवाजांपाशी माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या बांधल्या आहेत आणि जमिनीखालच्या एका खोलीत काचेतून त्या बघता येतात. जुलैत गेलात तर काचेपलीकडे सॉकाय दिसतात. तोंड प्रवाहाकडे करून एकाच जागी शेपटी हलवत राहतात आणि मग एकदम उसळी घेऊन वरच्या पायरीवर जातात. समुद्रातून गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅल्मन खाणं जवळजवळ सोडून देतो. अंडी घालण्याच्या जागेपर्यंतचा सगळा प्रवास तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर करतो. नदी जितकी लांब, तितकी शिदोरी मोठी. अलास्कातली कॉपर नदी साडेचारशे किलोमीटरहून लांब आहे. मेच्या मध्यावर तिच्या मुखाशी पकडलेला मासा बाजारात येतो तेव्हा लोक त्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात, ते या चरबीसाठीच. ती ओव्हनमध्ये वितळवून ट्रेवर घालवणं मला फार जिवावर येतं.

भारतात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो सॅल्मनच्या कुळातला नाही. त्याचं मांस पांढरं असतं आणि चरबी बरीच कमी. तो या पद्धतीने करायचा असेल तर वरून सढळ हाताने तेल लावा आणि ट्रे फॉइलने झाका. मुंबई-पुण्यात खरा सॅल्मन बहुधा गोठवलेला, नॉर्वेहून आलेला मिळतो आणि भाजायला तो उत्तम असतो.

गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. हवा काढून घट्ट बंद केलेलं पाकीट असेल तर ते आधी कापून उघडा. हवा नसलेल्या जागी वाढून विष तयार करणारे जंतू असतात, म्हणून बंद पाकिटात मासा वितळू द्यायचा नाही. बऱ्याच पाकिटांवर ही सूचना बारीक अक्षरात छापलेली असते आणि ती वाचायची राहून जाते.

तयारी

चौघांसाठी दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमच्या चार तुकड्या लागतात. शक्यतो सगळ्या सारख्या जाडीच्या मागा. शेपटीकडची पातळ तुकडी आलीच तर तिचं टोक खाली दुमडा, म्हणजे जाडी सारखी होते.

ओव्हन 200 अंश सेल्सिअसवर लावा, अमेरिकन ओव्हन असेल तर 400 फॅरनहाइटवर. ओटीजीमध्ये वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा आणि ट्रे मधल्या खाचेत सरकवा.

ओव्हन तापतोय तोवर एका पसरट भांड्यात चार कप गार पाण्यात चार मोठे चमचे मीठ विरघळवा आणि तुकड्या त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. ही पायरी गाळू नका. भाजताना सॅल्मनच्या अंगावर दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा साका येतो. माझ्या आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला मासा खराब असल्याची शंका आली होती. ते माशातलं प्रथिन असतं. उष्णतेने स्नायू आकसले की ते पिळून बाहेर येतं आणि पृष्ठभागावर गोठतं. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने ते बरंच कमी येतं, आणि मीठही सगळीकडे सारखं लागतं. तरीही साका फार आला तर मासा जास्त शिजला असं समजा आणि पुढच्या वेळी दोन मिनिटं आधी काढा.

तुकड्या बाहेर काढून कागदी रुमालाने अगदी कोरड्या टिपा. आपल्याकडे मासा चार पाण्यांनी धुतल्याशिवाय मनाचं समाधान होत नाही, पण साफ करून कापलेल्या तुकड्यांना नळाखाली धुण्याची गरज नसते. उलट उडणाऱ्या थेंबांनी बेसिन आणि ओटा खराब होतो.

आता काटे. तुकडीच्या जाड भागावरून बोट हलकेच फिरवलं की एका ओळीत टोचणारी टोकं लागतात. चिमट्याने टोक धरून काटा ज्या दिशेला तिरपा असेल त्याच दिशेने ओढा. सरळ वर ओढलात तर मांस फाटतं. घरात लहान मुलं असतील तर हे दुकानातल्या माणसावर सोपवू नका, स्वतः बोट फिरवून बघा.

लावायचं काय

दोन मोठे चमचे तेल, चार पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, भरड मिरी आणि मूठभर चिरलेला शेपू. मीठ नको, ते पाण्यातून लागलेलं आहे. शेपू वाचून नाक मुरडू नका. ज्या शेपूची आपण मूगडाळ घालून भाजी करतो, तो स्वीडन-नॉर्वेत सॅल्मनचा जुना सोबती आहे. तिथे मीठ, साखर आणि शेपू लावून कच्चा सॅल्मन मुरवतात, त्याला ग्रावलाक्स म्हणतात. शेपूचा जो उग्रपणा भाजीत काहींना नकोसा होतो, तोच तेलकट माशावर ताजा लागतो.

आपली चव हवी असेल तर कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण आणि ओलं खोबरं यांचं घट्ट वाटण पातळ थराने लावा. लिंबू, चिंच किंवा कोकमाचं आगळ मात्र आधी लावून ठेवू नका. आंबटाने वरचा थर भाजण्याआधीच पांढरट आणि कडक होतो. लिंबू पानात पिळा.

ओव्हनमध्ये

ट्रेवर बेकिंग पेपर घाला, कातडी खाली येईल अशा तुकड्या ठेवा आणि मध्ये बोटभर अंतर सोडा. कातडी खालच्या आचेपासून मांसाला वाचवते, आणि शिजल्यावर उलथणं आत सरकवलं की मासा कातडीवरून अलगद सुटतो.

इंचभर जाडीच्या अटलांटिक तुकडीला साधारण बारा मिनिटं लागतात. तपासायला मात्र दहाव्या मिनिटालाच लागा. पातळ सॉकाय सात-आठ मिनिटांत होतो. सुरीचं टोक जाड भागात घालून थोडं उघडून बघा. पाकळ्या सहज वेगळ्या होत असतील आणि अगदी मधोमध किंचित ओलसर, पारदर्शक रंग उरला असेल तर ट्रे लगेच बाहेर काढा. उरलेलं शिजणं बाहेर तीन-चार मिनिटांत होतं, कारण गरम मासा आतून शिजत राहतो. आतही पूर्ण फिका होईपर्यंत थांबलात तर ताटात वाढेपर्यंत तो कोरडा झालेला असतो.

थर्मामीटर असेल तर अंदाज बांधावा लागत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला 63 अंश सेल्सिअसचा आहे. घरात गर्भवती, वृद्ध, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तो आकडा पाळा. आई इथे असते तेव्हा मी तोच पाळते. तिला मधला ओलसर भाग कच्चा वाटतो आणि जेवणाऱ्याच्या मनात शंका असेल तर तो घास गोड लागत नाही. एरवी आमच्यासाठी मी 55 च्या आसपास काढते.

त्याच ट्रेमध्ये भाजीही होते, फक्त वेळेचा हिशेब ठेवा. बटाट्याच्या फोडी मासा घालण्याआधी वीस मिनिटं, ब्रोकोली पाच मिनिटं आधी. शतावरीचे कोवळे कोंब मिळाले तर ते माशाबरोबरच ठेवा.

वाढताना गरम भात आणि शेजारी सोलकढी. तेलकट माशानंतर कोकमाचा आंबटपणा घशाला इतका बरा वाटतो की आमच्याकडे सॅल्मनच्या दिवशी कोकमं भिजत घालणं हे मुलांचं काम ठरून गेलं आहे.

उरलेला मासा झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांच्या आत संपवा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, घरभर वास सुटतो आणि मासाही वातड होतो. दुसऱ्या दिवशी डब्यासाठी तो गारच कुस्करा, बारीक कांदा, कोथिंबीर, मिरची आणि लिंबू मिसळा आणि पावाच्या दोन स्लाइसमध्ये भरा. ज्यांच्या घरी माशाबरोबर दही चालतं त्यांनी चमचाभर घट्ट चक्काही घालावा. कातडी मात्र त्याच रात्री पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, नाहीतर सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडताच कळेल.