काच पुसण्याआधी फडा

खेड्यातल्या खिडकीला आपल्याकडे दोनच मोठे त्रास: वाऱ्याने आणलेली माती आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी. मातीने ओरखडे पडतात, पाण्याने पांढरे डाग. दुकानातलं निळं लिक्विड हाताचे ठसे काढायला ठीक आहे, या दोघांपुढे त्याचं काही चालत नाही. निम्मं काम पाण्याला हात लावायच्या आधीच होतं.

काळी माती भिजली की तिचा चिकट चिखल होतो, हे पावसाळ्यात वावरात गेलेल्या कोणालाही सांगायला नको. धुळीने भरलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवलं की तेच होतं, आणि त्या चिखलातली बारीक रेती काचेवर घासली जाते. म्हणून आधी कोरडं काम. वरून सुरुवात करा: छताजवळचं जाळं, चौकटीची वरची पट्टी, गज, मग काच, शेवटी खालची फरशी. मऊ फडा, म्हणजे केरसुणी, किंवा रंगाचा जुना तीन इंची ब्रश घ्या. खराट्याच्या काड्या काचेवर नकोत. सोयाबीन किंवा तूर काढणं चालू असेल आणि थ्रेशर घराजवळ लागत असेल तर कुटार (भुसा) उडायचं थांबेपर्यंत खिडक्या धुऊच नका. दिवाळीच्या आवराआवरीत सगळ्यांची घाई इथेच वाया जाते.

काच तापलेली असताना धुऊ नये. मे महिन्यात उन्हातल्या काचेवर साबणाचं पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि पट्टे उमटतात. एकदम गार पाणी पडलं तर काच तडकूही शकते. पूर्वेची खिडकी संध्याकाळी, पश्चिमेची सकाळी धुवा.

जाळी आणि खाच

मच्छरजाळी निघत असेल तर काढून खाटेवर आडवी टाका. साबणाच्या पाण्यात बुडवलेला मऊ ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा, जोर लावू नका, दोरे सरकतात. मग पालथी करून मागून पाणी ओता, म्हणजे अडकलेली धूळ आली त्याच वाटेने बाहेर पडते. सावलीत वाळवा. पक्की ठोकलेली जाळी असेल तर मागून एका हाताने कोरडं फडकं धरा आणि पुढून ओला स्पंज दाबत न्या.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत खरी मेख खालच्या खाचेत असते. या खाचेला बाहेरच्या अंगाने पाणी जायला लहान भोकं ठेवलेली असतात. त्यांत माती बसते, कापसाचे तंतू अडकतात, आणि कुंभारीण माशीला तर तिथेच घर करायला आवडतं. भोक बुजलं की पावसाचं पाणी खाचेत तुंबतं आणि भिंतीवरून घरात उतरतं. मग लोक खिडकीला फट आहे म्हणून सिमेंट भरत बसतात. खाचेतली माती कोरडी असतानाच जुन्या टूथब्रशने सैल करून झाडून काढा. खराट्याची काडी भोकात आत-बाहेर करा. शेवटी पेलाभर पाणी खाचेत ओता: ते बाहेर पडताना दिसलं तर झालं, नाही तर पुन्हा काडी घाला. हे काम मृगाच्या आधी हवं.

काच

तीन बाय चार फुटांच्या खिडकीला अर्धा लिटर पाणी पुरतं. एक लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब, बस. जास्त साबण म्हणजे जास्त पट्टे. कपड्याची पावडर वापरू नका, तिचा पांढरा थर काचेवर राहतो. चुलीची राखही नको. तिने भांडी लख्ख निघतात, काचेला मात्र ओरखडे पडतात.

एका फडक्याने साबण लावा, दुसऱ्या ओल्या फडक्याने साबण काढा, तिसऱ्या कोरड्याने पुसा. तिन्ही फडकी सुती आणि बरीच धुतलेली हवीत, जुन्या धोतराइतकं चांगलं काही नाही. नव्या टॉवेलचे तंतू सुटतात. दर दोन खिडक्यांनंतर पाणी बदला. वायपर असेल तर आधी वरच्या कडेला दोन इंचांची पट्टी फडक्याने कोरडी करा, तिथून खाली ओढा आणि प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा. मधे गज असले की वायपर फिरत नाही. पल्ला बाहेर उघडत असेल तर अंगणातूनच पुसा.

आतून आडवं आणि बाहेरून उभं पुसत जा. मग राहिलेला पट्टा कोणत्या बाजूचा, हे त्याच्या दिशेवरूनच कळतं आणि आत-बाहेर हेलपाटे वाचतात.

माशांचे काळे ठिपके, गोठा जवळ असला की हमखास, नखाने खरडू नका. साबणाच्या पाण्यात भिजवलेला कागद दहा मिनिटं चिकटवून ठेवा, ठिपके फडक्यानेच येतात. रंगाचे किंवा चुन्याचे वाळलेले थेंब ब्लेडने निघतात, पण काच ओली हवी, ब्लेड नवं आणि तिरपं हवं, आणि ते एकाच दिशेने चालवायचं. उन्हासाठी काचेवर फिल्म लावली असेल तर तिथे ब्लेड नको आणि आम्लही नको.

स्वयंपाकघरातल्या खिडकीवर काजळी आणि तेलाचा थर एकावर एक बसतो. आधी कोरड्या कागदाने काजळी टिपून घ्या, घासू नका. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून, काचेवर लावा आणि पाच मिनिटांनी धुवा. ॲल्युमिनियमच्या चौकटीला हा सोडा लागू देऊ नका, ती काळी पडते. तिथे लिक्विडच बरं.

पांढरे डाग

हा भाग सगळ्यात चिवट. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत, साधं पाणी वाळलं तरी पांढरं उमटतं. बाकी ठिकाणी कूलर ज्या खिडकीत बसवला तिची काच आणि गज बघा: पाण्याचे थेंब रोज उडतात, रोज वाळतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत खरखरीत थर तयार होतो.

आधी ओलं फडकं फिरवून बघा. डाग विरघळला तर ते मीठ. चांगल्या पाण्याने दोनदा पुसलं की काम संपलं. नाही विरघळला तर चुन्याचे क्षार आहेत आणि त्यांना आंबट लागतं: पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, किंवा कपभर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत. त्यात कागद भिजवून डागावर चिकटवा, दहा मिनिटं वाळू देऊ नका, मग भांड्याच्या मऊ स्पंजने गोल घासा. जाड थराला दोन-तीन वेळा करावं लागेल. तरीही काच धुरकट दिसली आणि बोटाला खरखर लागली नाही, तर काचच खाल्ली गेली आहे. ती धुऊन परत येत नाही. संत्र्याची साल घासायचा उपाय सगळीकडे सांगतात. वास छान येतो, पण सालीचं तेल काचेवर तवंग धरतं.

आंबट पाणी खालच्या फरशीवर सांडू देऊ नका. कडप्पा, कोटा, संगमरवर हे तिन्ही चुन्याचेच दगड, आम्लाने त्यांची चमक जाते. फरशीवर आधी जाड ओलं फडकं पसरा. संडासाचं ॲसिड तर खिडकीजवळ आणूच नका, गज आणि ॲल्युमिनियम दोन्ही जातात. ब्लीचिंगमध्ये ते मिसळलं तर विषारी वायू होतो. कूलरच्या बाजूने धुताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

शेवटचं पुसणं चांगल्या पाण्याने केलं की डाग पुन्हा लवकर धरत नाहीत. आरोच्या कॅनचं एक पेला पाणी एका खिडकीला पुरतं. टिनावरून येणारं पावसाचं पाणीही उत्तम, पहिल्या एक-दोन सरी सोडून. तुरटीने गाळ बसतो, क्षार जात नाहीत. उकळून खारेपणा जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतो.

लोखंड आणि सागवान

गजावर गंज दिसला की १२० नंबरचा पॉलिशपेपर, रेड ऑक्साइडचा एक हात, मग ऑइलपेंट. नुसतं पुसून पुढच्या पावसात तोच तांबडा ओघळ काचेवर येतो.

सागाच्या चौकटीवर पाणी ओतू नका, पिळलेल्या फडक्याने पुसा. पाणी मुरलं की लाकूड फुगतं आणि पल्ला अडकतो. रंग न लावलेलं लाकूड कोरडं दिसत असेल तर घाण्यावरचं जवसाचं तेल पातळ चोळा, पंधरा मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्याने काढा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका: जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि दाबून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती अंगणात तारेवर मोकळी पसरवा, कडक झाली की मगच फेका.