चाळिशीनंतर फिल्म स्कूलची तयारी: पोरं शाळेत, आपणही शाळेत

कागदपत्रं, फी, पुण्यातली खोली यावर बोलत बसत नाही. दोन पोरं वाढवलेल्या माणसाला फॉर्म भरता येतो. पदवीचं प्रमाणपत्र तेवढं कपाटातून शोधून ठेवा.

आधी कोर्स ठरवा. पुण्याच्या एफटीआयआयचा (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा) दिग्दर्शनाचा कोर्स तीन वर्षांचा, पूर्णवेळ. शंका असेल तर आधी फिल्म अप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा समजून बघायला शिकवणारा, चार आठवड्यांचा कोर्स करून या. तेवढे दिवस घर तुमच्यावाचून चाललं की निम्मा वाद तिथंच मिटतो. मी गेले तेव्हा सासूबाईंचा एकदाच फोन आला, कुकरची शिट्टी कुठं ठेवलीस म्हणून.

कोल्हापूरकरानं बुजायचं तर कारणच नाही. प्रभात कंपनी १९२९ साली इथंच निघाली, १९३३ साली पुण्याला गेली आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली ही संस्था उभी राहिली. पण मुलाखतीत हे ऐकवू नका. मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचा वारसा सांगून प्रवेश मिळत नाही, मी सांगून बघितलाय.

सिनेमा एका बैठकीतच बघायचा. भाजी निवडत, वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून बघितलेला धरायचा नाही. पोरं उठायच्या आत, पहाटे पाचला बसा. दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद ठेवा.

आता खरी गोची. लिहिणं.

आपल्या वयाच्या माणसाकडं सांगायला भरपूर असतं, आणि तेच नडतं. एका ठिकाणी मला एक प्रसंग लिहायला दिला होता: दाराशी थांबलेली बाई. मी चार पानं भरली. आईपण, सोडलेली नोकरी, बाहेर पाऊस, आत उसासे. परीक्षक बाईंनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "यात कॅमेऱ्याला दिसतंय काय?" मला उत्तर देता येईना. चार पानांत त्या बाईच्या हातात काय आहे हेसुद्धा मी लिहिलं नव्हतं. त्या वर्षी प्रवेश न मिळता घरी बसले. पुढच्याही वर्षी, कारण मी दुसरी रडकथा घेऊन गेले होते. "तुमचा संघर्ष मांडा" असं शिकवणारे क्लासवाले भेटतील, त्यांना पैसे देऊ नका. संघर्ष प्रत्येकाकडं आहे.

मला उपयोग झाला तो गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा. रात्री म्हशी समोरच पिळतात, लोक उभ्यानं ग्लास रिकामे करतात. तिथं वही घेऊन जायचे. एकदा एका बापानं पोराला ग्लास दिला. पोरगं नुसतंच फेस फुंकत बसलं. बापानं खिशातून रुमाल काढला, पोराच्या ओठावरचं पांढरं पुसलं, मग त्याच रुमालानं स्वतःची मिशी पुसली, दूध न पिताच. मी एवढंच लिहिलं. "बापाचं प्रेम" असं कुठं लिहिलंत तर पान फाडा.

असा रोज एक प्रसंग, एकच पान, तीन महिने. जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. रात्री लाल पेन घेऊन "वाटलं", "आठवलं", "जाणवलं" हे शब्द खोडा. पहिल्या आठवड्यात माझ्या पानावर काही उरतच नव्हतं. कंटाळा येईल, पण ही पायरी गाळू नका. घरात माल कमी नाही: शाळेतून परत आलेला डबा उघडा, पोळीचा कुठला तुकडा उरलाय आणि भाजी रुमालात का बांधलीय ते बघा. आई म्हणून ओरडायच्या आधी लिहून घ्या.

मुलाखतीत "या वयात का?" हे विचारतीलच. दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. पोरांचे फोटो मोबाइलमधून काढून दाखवू नका.

आदल्या दिवशीच पुणं गाठा. वही सोबत ठेवा, इस्त्रीची साडी नसली तरी चालेल.