मार्चआधी तालुक्याच्या बंबाची तयारी

ही यादी तालुक्याच्या गावी एकटाच उभा असलेल्या, 4500 लिटर टाकीच्या अग्निशमन बंबासाठी आहे. डिझेल, बॅटरी, टायर, सायरन, वायरलेस हे सांगावं लागत असेल तर पुढचं वाचून काही फायदा नाही. आधी पाण्याचा हिशेब पक्का करा. 20 मिमीचं नोझल 7 बारवर मिनिटाला साधारण 700 लिटर पाणी फेकतं, म्हणजे टाकी साडेसहा मिनिटांत रिकामी. हौसेने दोन ब्रांच (होजच्या टोकाची, नोझल बसवायची नळी) लावल्या तर सव्वातीन मिनिटांत. काटोल-नरखेडकडच्या पांदणीवर हायड्रंट नसतो आणि नागपूरहून दुसरी गाडी येईपर्यंत कुटाराच्या (भुशाच्या) गंजीची राख झालेली असते. तेव्हा सातव्या मिनिटाला पाणी कुठून उचलायचं, हे आजच ठरलेलं हवं.

पाणी उचलायचं म्हणजे सक्शन, आणि सक्शन म्हणजे वॉशर. 100 मिमीच्या सक्शन पाइपच्या प्रत्येक जोडात एक रबरी वॉशर असतो. पाइप सोडताना तो गवतात पडतो, नाहीतर गाडीच्या छतावर उन्हात वाळून कडक होतो, त्याला चिरा जातात. डिलिव्हरी होज फुटला की पाण्याचा फवारा दिसतो. सक्शनची गळती दिसत नाही, कारण तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मग प्रायमर (पाइपातली हवा ओढून काढणारं यंत्र) घरघरत राहतो, पंपाला पाणी धरत नाही, आणि लोक पंपाला शिव्या देतात. पंप चांगलाच असतो, वॉशर गेलेला असतो. प्रत्येक जोड उघडा, वॉशर बोटाने दाबून, वाकवून बघा. जादा चार वॉशर केबिनमध्ये ठेवा. स्टोअरच्या कपाटातले वॉशर शेतात कामाला येत नाहीत. सोबत सक्शनचे जोड आवळायचे दोन्ही पाने.

मग कोरडी चाचणी घ्या. सगळे सक्शन पाइप जोडा, टोकाला झाकण लावा, डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह बंद करा आणि प्रायमर चालवा. व्हॅक्यूमचा काटा पाऊण मिनिटात 0.8 बारपर्यंत चढला पाहिजे. प्रायमर थांबवल्यावर काटा झरझर उतरला तर हवा शिरते आहे. आधी वॉशर बघा, मग ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं सील). दर आठवड्याला, गाडी धुवायच्या दिवशी हे झालंच पाहिजे. "मागच्या महिन्यात बघितलं होतं" हे उत्तर चालणार नाही.

वॉशर नवाकोरा असला तरी पंप खोल विहिरीतून पाणी ओढणार नाही. प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास हद्द संपते, आणि मे महिन्यात बऱ्याच विहिरींचं पाणी त्याच्याही खाली असतं. शेतकऱ्याच्या मोटरीवर विसंबू नका. शेतीच्या फीडरला ठरावीक तासच वीज असते, आणि तारेखाली आग लागली तर लाईन आपणच बंद करायला लावतो. म्हणून फेब्रुवारीत गावोगाव फिरून तलाव, शेततळी आणि कालव्याची यादी करा. पाणी किती खाली आहे आणि गाडी मुरमावरून किती जवळ जाते, हे दोन्ही लिहा. काठाची काळी माती वरून वाळलेली दिसते. भरलेली गाडी तिच्यात एक्सलपर्यंत बसते. स्ट्रेनर (सक्शन पाइपच्या टोकाची जाळी) पाण्याखाली किमान 30 सेंटीमीटर असावा, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढतो. तळाला टेकला तर चिखल ओढतो. शेवाळ नि पन्नीसाठी वरून बास्केट लावा. पाइप मध्येच पंपाच्या तोंडापेक्षा उंच गेला तर तिथे हवा अडकते, तेव्हा तो चढत्या उतारानेच पंपापर्यंत आणा.

होज 63 मिमीचे, किमान दहा. घड्या बदलून ठेवा, एकाच घडीवर कापड झिजतं.

कुटाराच्या गंजीवर वरून पाणी मारणं म्हणजे पाण्याची नासाडी. वर राख भिजते, आत निखारा तसाच राहतो. दाताळे, फावडी, आणि गावातल्या जेसीबीवाल्याचा नंबर हवा. गंजी पसरवा, मग भिजवा. जिनिंगमधल्या रुईच्या गाठीचंही तेच. बाहेरून विझलेली गाठ आत धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी पेटते. तिला गोदामाबाहेर काढा, पट्ट्या तोडून उघडा. पाण्यात थोडा फोम मिसळला तर पाणी आत मुरतं. शेतात पाणी मारण्याआधी वर बघा. अकरा केव्हीची तार असेल तर लाईनमनने लाईन बंद केल्याचं स्वतः सांगितल्याशिवाय नोझल उघडू नका.

विहिरीतली सुटका. गाळ काढायला उतरलेला माणूस आत कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. पहिलं काम गर्दी मागे सारणं आणि कोणालाही उतरू न देणं. पेटता कंदील सोडून बघतात. तो विझला तर ऑक्सिजन कमी हे कळतं, पण जळत राहिला म्हणजे हवा सुरक्षित असं नाही. बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचा मुखवटा) घातल्याशिवाय उतरायचं नाही. सहा लिटरचा सिलिंडर 300 बारला 1800 लिटर हवा देतो. मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं, त्यातली, हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यानंतरची हवा फक्त वर येण्यासाठी. तिपाई, हार्नेस आणि दोन दोर. शेतकऱ्याचा मोटरीचा दोर वापरू नका.

हायवेवरच्या अपघातांसाठी हायड्रॉलिक कटर महिन्यातून एकदा सुरू करून बघा. चेनसॉला पेट्रोल, तेल, जादा साखळी.

परत आल्यावर टाकी लगेच भरा, डिझेल बघा. सक्शन सोडताना वॉशर मोजा, तिथेच, चिखलात उभं राहून, गाडी हलायच्या आधी. होज धुवून सावलीत वाळवा. सिलिंडर भरायला पाठवा. लॉगबुक.