मधमाशीपालनाचे औद्योगिक वर्गीकरण आणि नोंदणी

मधपेट्या किती घ्याव्यात, सातेरी (देशी मधमाशी) पाळावी की मेलिफेरा (युरोपीय मधमाशी), याचा विचार प्रत्येक मधपाळ करतो. पण आपला व्यवसाय कागदावर कोणत्या नावाने लिहावा, हा प्रश्न बहुधा अर्ज परत आल्यावरच पडतो. म्हणून नोंदणीला हात घालण्यापूर्वी आपण नेमके कोणते काम करणार आहोत, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे.

भारताच्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात, म्हणजे एनआयसी २००८ मध्ये, मधमाश्या पाळणे आणि मध व मेण यांचे उत्पादन करणे यासाठी ०१४९२ हा कोड आहे. हा कोड शेती व पशुपालनाच्या विभागात मोडतो. स्वतःच्या पेट्यांमधून मध काढणाऱ्याचे मूळ काम हेच. मात्र इतर मधपाळांकडून मध विकत घेऊन तो गाळणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि बाटल्यांत भरणे हे काम अन्नप्रक्रियेच्या अंगाने जाते, आणि तयार माल दुकानातून विकणे हा व्यापार झाला. येथे घाईने कोड निवडू नये, कारण १०७९ या अन्नप्रक्रियेच्या वर्गात कृत्रिम मधही येतो. आपण शुद्ध मध हाताळतो, हे कामाच्या वर्णनात स्पष्ट लिहिलेले असणे आपल्याच हिताचे आहे. जंगलातील आग्या मोहोळाचा मध गोळा करणाऱ्याचा प्रश्न तर निराळाच आहे: तो पेट्या पाळत नाही, आणि २००६ च्या वन हक्क कायद्याने मध व मेण यांना गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजचे जंगलातील उत्पादन, मानले आहे.

वर्गीकरण ठरले की राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या ‘मधुक्रांती’ पोर्टलवर मधपाळ म्हणून नोंदणी करावी. हे पोर्टल एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाले असून मधमाश्यांच्या वसाहती, त्यांचे स्थलांतर आणि मधाचा स्रोत यांची नोंद ठेवणे हा त्याचा हेतू आहे. ही नोंदणी मी सर्वांत आधी करायला सांगतो, कारण पेट्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेणाऱ्या मधपाळाची ओळख तिच्यामुळे पक्की होते. महाराष्ट्रातील मधपाळांनी त्यासोबत महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेचीही चौकशी करावी. तिच्यात निम्मे अनुदान आणि निम्मी स्वगुंतवणूक असते, आणि मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे.

प्रक्रिया किंवा पॅकिंग करणाऱ्यांनी ‘उद्यम’, म्हणजे केंद्र सरकारची सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची, नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे, आधार व पॅन लागतो, आणि एका उद्योगासाठी एकच नोंदणी करता येते. मात्र तिच्यात एकाहून अधिक कामे नोंदवता येतात. म्हणून वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे अर्ज भरू नयेत, सर्व कोड एकाच अर्जात द्यावेत. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंतची गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंतची उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, त्यामुळे बहुतेक मधपाळ याच वर्गात बसतात.

ग्राहकाला मध विकायचा असेल, तर एफएसएसएआयची (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना हवा. दोहोंपैकी काय लागेल, हे वार्षिक उलाढालीवर ठरते. अर्जात अन्नवर्ग म्हणून मधाचा ११.५ हा क्रमांक निवडावा. कारवीचा (सह्याद्रीतील एका झुडपाच्या फुलांचा) मध विकणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण मधाच्या मानकांत कारवीसाठी काही निकष वेगळे दिले आहेत. तपासणीच्या वेळी नमुना कारवीचा आहे हे प्रयोगशाळेला लेखी कळवले नाही, तर चांगला मधही कमअस्सल ठरण्याची भीती असते.

जीएसटीसाठी नैसर्गिक मधाचा एचएसएन क्रमांक, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, ०४०९ आहे आणि मेणाचा १५२१. सुटा मध करमुक्त असतो, तर आधी भरून लेबल लावलेल्या बाटलीवर पाच टक्के कर लागतो. बिलावर आणि बाटलीवर लिहिलेले नाव व पत्ता परवान्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि व्यवसायात पुढे नवे काम जोडले की उद्यम व अन्न परवाना या दोन्ही ठिकाणी त्याची नोंद त्याच वेळी करून घ्यावी.