हातकागद आणि खिळ्यांचा छापखाना पाहायला जाताना

पुण्याच्या हातकागद संस्थेत मुलांना घेऊन जायचे ठरले, की ठाण्यातील पालक आधी गाडीची चौकशी करतात आणि मग जेवणाची. माझी विनंती आहे की या दोन्हींच्या आधी एक तयारी करावी. जाण्याच्या किमान आठ दिवस आधी घरी, स्वतःच्या हाताने, कागदाचा एक तरी ताव काढावा. तो मध्ये जाड आणि कडेला विरळ निघेल, कदाचित उचलताना फाटेलही. मात्र कारागीर जाळीचा साचा लगद्याच्या हौदात बुडवून बाहेर काढतो त्या दोन-तीन सेकंदांत त्याने नेमके काय केले, हे ओळखायला आपला एखादा ताव बिघडलेला असावा लागतो. त्याशिवाय पाहणाऱ्याला केवळ पाणी गळताना दिसते.

साहित्य घरातच मिळते. एकाच मापाच्या दोन लाकडी फोटोफ्रेमच्या काचा काढून घ्याव्यात. एकीवर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ताणून चारही बाजूंनी बारीक चुका ठोकाव्यात. हा झाला साचा. दुसरी चौकट मोकळीच ठेवावी. ती साच्यावर बसवली की लगदा कडेने ओघळत नाही आणि तावाला आकार येतो. जाळी ढिली राहिली तर मध्ये झोळीसारखी लोंबते आणि ताव नेमका तिथेच जाड होतो, म्हणून ती डफाच्या कातड्यासारखी ताठ हवी.

कागद म्हणून मुलांच्या जुन्या वह्यांची पाने सर्वांत चांगली. वर्तमानपत्राचे धागे आखूड असतात आणि शाईमुळे लगदा राखाडी होतो; गुळगुळीत लग्नपत्रिकांवर चिनी मातीचा थर असल्याने पाणी दुधासारखे गढूळ होते. पानांचे टपाल तिकिटाएवढे तुकडे करावेत, पण कात्रीने कापू नयेत, हाताने फाडावेत, कारण फाडताना धागे मोकळे सुटतात आणि कापताना तुटतात. तुकडे रात्रभर भिजवून सकाळी मूठभर कागदाला भांडेभर पाणी या बेताने मिक्सरमधून थांबत थांबत फिरवावेत. यासाठी एखादे जुने भांडे बाजूला काढलेले बरे. फार वेळ फिरवू नये. मिक्सरची पाती धागे कापतात आणि कागद ठिसूळ होतो. कागदशाळेतील यंत्र धागा कापण्यापेक्षा चेचून त्याची टोके पिंजण्यावर भर देते. लांबट हौदात पात्यांचा रूळ फिरणारे हे यंत्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समध्ये तयार झाले आणि त्यावरून त्याला आजही हॉलंडर म्हणतात. पुण्याच्या संस्थेत गेल्यावर त्यातील लगदा चिमूटभर मागून बोटांत चोळून पाहावा आणि आपल्या मिक्सरमधला आठवावा. हा फरक हाताला लगेच कळतो.

आता रुंद टबात पाणी घेऊन त्यात लगदा मिसळावा आणि तो ताकाइतका पातळ ठेवावा. पहिल्यांदा करणारे बहुतेक सगळे तो पिठल्याइतका दाट ठेवतात आणि त्यांच्या हाती कागदाऐवजी पुठ्ठा येतो. हाताने ढवळून लगदा तरंगता करावा, साचा तिरका आत घालून पाण्याखाली आडवा करावा आणि सरळ वर उचलावा. पाणी जाळीतून निथळत असतानाच त्याला उजवीकडे-डावीकडे आणि मागे-पुढे अगदी हलका झोका द्यावा, म्हणजे धागे एकमेकांवर आडवेतिडवे पडून गुंततात. पाणी निघून गेल्यावर हलवले तर बसलेला थर भेगाळतो. सगळी कला या एवढ्याशा वेळात आहे.

ताव साच्यावरून कापडावर उतरवताना आमची पहिली फजिती झाली. नौपाड्यातील आमच्या घरी इमारतीतील चार मुले जमली होती आणि मी घडी घातलेला कोरडा पंचा पसरून ठेवला होता. साचा त्यावर पालथा घालून उचलला, तर अर्धा ताव जाळीलाच चिकटून वर आला. कपडा आधी भिजवून पिळलेला असावा लागतो, आणि साचा एका कडेवर टेकवून, दाबत दाबत दुसऱ्या कडेपर्यंत लवंडत न्यावा लागतो, हे आम्हांला चौथ्या तावाला जमले. त्यानंतर वर दुसरा ओला कपडा, त्यावर पाट आणि पाटावर पाण्याने भरलेला हंडा ठेवून अर्धा तास दाब द्यावा.

वाळवण्याच्या बाबतीत ठाण्याच्या हवेचा विचार केलाच पाहिजे. जुलैमध्ये गॅलरीत ठेवलेला आमचा ताव तिसऱ्या दिवशीही दमटच होता, त्याला कुबट वास आला आणि काळे ठिपके पडले. हा उद्योग दिवाळीनंतर करावा, किंवा दाबलेला ताव खिडकीच्या काचेला आतून चिकटवून पंखा लावावा. काचेकडची बाजू छान गुळगुळीत होते. उरलेला लगदा मोरीत मुळीच ओतू नये, कारण तो नळीत जाऊन बसतो. कपड्यातून गाळून, पिळून त्याचा गोळा वाळवून ठेवावा.

वाळलेल्या तावाचा एक तुकडा पुन्हा पाण्यात टाकून मुलांना दाखवावा. थोड्या वेळाने तो बोटांनी हलवला की विरघळल्यासारखा सुटतो. आपण त्यात डिंक घातलेला नसतो. ओले धागे पाणी उडून जाताना एकमेकांजवळ खेचले जातात आणि त्यांतील सेल्युलोजचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. पाणी परत आले की ही पकड सुटते. म्हणूनच लिहिण्याच्या कागदाला खळ (पाणी व शाई आत शिरू नये म्हणून चिकट पदार्थाचे पाणी) द्यावी लागते, आणि संस्थेत विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा की खळ लगद्यात मिसळतात, की ताव वाळल्यावर देतात.

निघण्यापूर्वी अजून एक लहानसा प्रयोग करावा. वर्तमानपत्राचे पान आधी उभे आणि मग आडवे फाडावे. एका दिशेने ते सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, कारण यंत्रावर धावत्या जाळीबरोबर बरेचसे धागे एकाच दिशेला झुकतात. हाताने झोका दिलेल्या तावात असा कल फारच कमी असतो. संस्थेत फाटका किंवा बाद ताव मिळाला तर हीच परीक्षा तिथे करून पाहावी.

प्रवासाबद्दल थोडक्यात. संस्था शिवाजीनगर भागात आहे, त्यामुळे ठाण्याहून निघणारी आपली गाडी शिवाजीनगरला थांबते का, हे तिकीट काढतानाच पाहावे. बेलापूर, नेरूळ किंवा वाशीकडच्यांना द्रुतगती मार्गाने जाणारी बस सोयीची पडते. त्या दिवशी ताव काढण्याचे काम चालू असेल का आणि मुलांना हात लावू देतील का, हे आधी विचारून घ्यावे. केवळ विक्रीचे दालन पाहून परत येण्यासाठी इतका प्रवास करू नये.

ही संस्था १९४० साली के. बी. जोशी यांनी महात्मा गांधींच्या प्रेरणेने उभी केली आणि ज्या रस्त्यावर ती आहे त्याला जोशींचेच नाव आहे. गिरणीच्या कागदापुढे हाताने कागद करणाऱ्यांचा धंदा बसत चालला होता आणि ग्रामोद्योगांच्या चळवळीला तो पुन्हा उभा करायचा होता, ही पार्श्वभूमी मुलांना गाडीतच सांगून ठेवावी. आपल्याकडे हे काम नवे नव्हते. दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्याचे नावच त्याची साक्ष देते, आणि जुन्नरचा कागद पेशवाईत वापरात होता. त्या काळी ताव वाळल्यावर त्याला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत असत. न घोटलेल्या कागदावर बोरू अडतो आणि शाई फुटते. पोथीत चूक झाली तर त्या अक्षरांवर पिवळा हरताळ (एक खनिज रंग) लावून ती झाकत आणि वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला आहे. मुलांना हे फार आवडते, आणि मलाही.

हौदाजवळ उभे राहताना कारागिराच्या समोर न राहता बाजूला राहावे, म्हणजे त्याचे मनगट आणि कोपर दोन्ही दिसतात. एक ताव पाहून पुढे सरकू नये. निदान दहा पाहावेत. पहिल्या दोन-तीन तावांत नजर पाण्यावरच राहते, पाचव्या-सहाव्याला झोका दिसू लागतो आणि त्यानंतर लक्षात येते की प्रत्येक ताव उचलल्यावर हौदातील लगदा थोडा पातळ होतो व कारागीर त्याचा अंदाज ठेवून तो वाढवत राहतो. काही कागदशाळांत साचा हौदात न बुडवता मापाने लगदा चौकटीत ओततात आणि मग साचा वर उचलतात. कोणती पद्धत आहे ते विचारावे. कच्चा माल कोणता, हेही विचारावे. हातकागदासाठी कपड्यांच्या कारखान्यांतील सुती कातरण मोठ्या प्रमाणावर वापरतात, आणि सुती धाग्यांत लिग्निन, म्हणजे कागद पिवळा पाडणारा लाकडातील घटक, नसल्याने असा कागद वर्तमानपत्रासारखा काही दिवसांत पिवळा पडत नाही.

आपली पाळी आली की घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी व बाह्या कोपरापर्यंत सरसाव्यात. उतरवलेल्या ओल्या तावांच्या थप्पीवर ओला हात नेऊ नये. बोटावरून एक थेंब जरी पडला तरी तिथले धागे बाजूला सरतात आणि वाळल्यावरही ती जागा उजेडात डागासारखी दिसते. आमच्या इमारतीतील सातवीतील एका मुलीने घरच्या तावावर असाच एक थेंब पाडला होता. तो ताव तिने फेकला नाही. खिडकीशी धरून ती सगळ्यांना ती गोल खूण दाखवत असते.

कागदानंतर ओघानेच छपाई येते. दोन्ही कामे एकाच छताखाली स्वतः करून पाहायची असतील, तर स्वित्झर्लंडमधील बाझेलची कागदगिरणी उत्तम आहे. सेंट अल्बान भागातील कालव्याकाठची ही गिरणी १४५३ साली कागद करू लागली, १९८० पासून ती संग्रहालय आहे, आणि तिथे पाणचक्की पाहून झाल्यावर ताव काढता येतो, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) जुळवता येतात, छापताही येते. झुरिकहून रेल्वेने साधारण तासाभराचे अंतर आहे, त्यामुळे युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांनी एक दिवस हाताशी ठेवावा.

इतरांनी आपल्या गावातच शोध घ्यावा. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणाऱ्या जुन्या छापखान्यांत अजूनही कधीकधी ट्रेडल यंत्र, म्हणजे जबड्यासारखे उघडझाप करणारे छोटे छपाईयंत्र, असते आणि क्रमांक टाकण्यासाठी, छिद्रांची रेघ पाडण्यासाठी किंवा घडीची खूण उठवण्यासाठी वापरले जाते. मालकांना वेळ विचारून, सणासुदीची व लग्नसराईची घाई टाळून जावे. यंत्र चालू असताना मुलांना हातभर अंतरावर ठेवावे. कागद हाताने आत सरकवायचा असतो आणि यंत्राचा जबडा कुणासाठी थांबत नाही.

खिळ्यांची पेटी उघडून मिळाली, तर प्रत्येक मुलाला स्वतःचे नाव जुळवू द्यावे. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते आणि ओळ डावीकडून उजवीकडे, पण डोके खाली करून जुळवतात. खिळ्याच्या अंगावरची खाच बोटाला लागते, त्यावरून जुळारी न पाहताही त्याची दिशा ओळखतो. इंग्रजीला मोठी व लहान मिळून ५२ अक्षरे पुरतात. आपल्याकडे मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो घरे लागतात. ज्या मुलाच्या नावात ‘ज्ञ’ किंवा ‘श्व’ आहे त्याला ते घर शोधताना हे न सांगता कळते. बंगालमधील सेरामपूरला १८०५ साली मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांसह छापले गेले, आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जो रेखीवपणा आणला, तो जुन्या पोथीपुस्तकांत आजही डोळ्यांत भरतो. आपले ठाणेही यात मागे नव्हते. १८६६ साली इथून ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक निघू लागले.

खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असतात, म्हणून काही खाण्याआधी साबणाने हात धुवावेत. जुळवलेले नाव सोडून प्रत्येक खिळा त्याच्या घरात परत टाकल्याशिवाय मुलांना उठू देऊ नये. ‘घ’च्या घरात ‘ध’ गेला तर तो पुढच्या माणसाच्या ओळीत चुकीचा उमटतो.

परतल्यावर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, किंवा घरच्याच कपाटात, जुने खिळ्यांनी छापलेले पुस्तक शोधावे. हे ग्रंथालय १८९३ पासून आहे. पानाच्या मागच्या बाजूवरून डोळे मिटून बोट फिरवावे. दाबून उमटलेली अक्षरे बऱ्याचदा हलक्या उंचवट्यासारखी हाताला लागतात. ऑफसेटवर छापलेल्या पानाची पाठ सपाट असते.

आपण काढलेले ताव वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नयेत, त्याचा पिवळेपणा उतरतो. दोन पांढऱ्या सुती कपड्यांत सपाट ठेवावेत आणि पावसाळ्यात अधूनमधून काढून पाहावेत, कारण कागदाला कसर लागते. प्रत्येकाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख, कशाचा लगदा होता आणि साचा कोणी उचलला, एवढे लिहून ठेवावे.